मांजराच्या घरी पिलांचे रक्षण



मावळात पावसाळा लागला की कोंबडीची पिले घरात चुलीजवळ आणली जातात. लोणावळ्याकडील संततधारेत हे योग्यच होय. कारण पहिल्या आठवड्यात पिलांना सुमारे 35 अंश सेल्सिअस ऊब लागते, व पुरती पिसे येईपर्यंत त्यांना गारठा सोसवत नाही. परंतु चुलीजवळची तीच ऊब मांजरालाही प्रिय असते.

सकाळी एखादे पिलू नाहीसे झालेले दिसले की मुले मांजरास काठीने बदडतात. ही शिक्षा व्यर्थ होय. पोट भरलेले मांजरही हलणाऱ्या लहान जीवावर झडप घालते. तो त्याचा जन्मजात स्वभाव आहे. त्यास हाकलून द्यावे, तर भाताची कणगी उंदरांपासून राखणार कोण? शिवाय घुशीही पिले पळवितातच.

म्हणून दोष डालग्यात शोधावा. विणीच्या फटीतून पंजा आत जातो. हलके डालगे धक्क्याने उलटते. त्यास अर्ध्या इंचाची तारेची जाळी बांधावी, वर जड दगड ठेवावा, आणि पिलांना कोंबडीसह दिवस मावळण्यापूर्वीच डालावे. ठिणगी लागणार नाही इतके अंतर चुलीपासून राखावे. पिले हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत.

पिलू गमावलेल्या मुलास रागे न भरता, त्याच्याकडूनच डालग्याच्या फटी मोजून घ्याव्यात. त्याच्या हातातील काठीची जागा फूटपट्टीने घेतली, म्हणजे हा पाठ पुरा झाला असे समजावे.