ट्रकचा छोटा धक्का: कुणाला सांगायचं, कधी सांगायचं?

गाडी चालवता चालवता ऐकत असाल तर आधी इअरफोन काढा आणि मोबाइल स्पीकरवर टाका. आजचा भाग तुमच्यासाठीच आहे.

मोठ्या अपघातांवर सगळेच बोलतात. आज आपण छोट्या धक्क्यांबद्दल बोलू. टेम्पो रिव्हर्सला घेताना मागच्या स्कूटरला लागला. वाशी मार्केटच्या गर्दीत दोन ट्रकचे आरसे घासले. भिवंडीच्या गोदामात बंपर भिंतीला टेकला. रक्त नाही, आरडाओरडा नाही, पाच मिनिटांत सगळे आपापल्या वाटेला. आणि ड्रायव्हरच्या डोक्यात एकच प्रश्न: सांगू की नको?

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. हा एक प्रश्न नाहीये, दोन आहेत. एक, कळवायचं का? आणि दुसरा, विम्याचा क्लेम करायचा का? क्लेम हा पैशांचा हिशोब आहे. कळवणं हे त्या हिशोबावर ठरत नाही. आपल्याकडे लोक दोन्ही एकत्र करतात. "एवढ्याशा पोच्यासाठी कुठे क्लेम करायचा" असं म्हणतात, आणि त्याच झटक्यात कळवायचंही सोडून देतात. घोळ तिथेच होतो.

एक उदाहरण घेऊ. समजा चाकण एमआयडीसीतला एक बावीस वर्षांचा मुलगा आहे, आयशर चालवतो. नोकरीला लागून चार महिने झालेत. संध्याकाळची वेळ, क्लीनर बरोबर नाही, आणि गाडी मागे घेताना फाळक्याचा कोपरा उभ्या कारच्या दाराला लागतो. कारवाला तिथे नाही. आजूबाजूला कुणी नाही. शेठला सांगितलं तर पगार कापतील ही भीती. तो काय करेल? बहुतेक वेळा गाडी काढेल आणि जाईल.

आता पुढचं बघा. समोरच्या कंपनीच्या गेटवर कॅमेरा आहे. ट्रकच्या मागे नंबर मोठ्या अक्षरात रंगवलेला आहे. दोन दिवसांनी कारवाला पोलीस ठाण्यात जातो. आता तक्रार "गाडी घासली" एवढीच राहत नाही, "ठोकून पळाला" अशी होते. शेठला ही गोष्ट ड्रायव्हरकडून नाही, पोलिसांच्या फोनवरून कळते. दाराच्या पोच्यावरून नोकरी गेली नसती. लपवण्यावरून जाऊ शकते.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायदा १९८८, कलम १३४. अपघातात कुणाला इजा झाली, किंवा दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं, तर हे कलम लागतं. नीट ऐका, दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान झालं तरीही. पोलीस तिथे असतील तर ते विचारतील ती माहिती द्यायची. नसतील तर जवळच्या ठाण्यात जाऊन काय झालं ते शक्य तितक्या लवकर सांगायचं, फार तर २४ तासांच्या आत. विमा कंपनीलाही लेखी कळवायचं. हे केलं नाही तर कलम १८७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंडाची ही रक्कम २०१९ च्या दुरुस्तीनंतरची आहे, त्याआधी ती पाचशे रुपये होती.

काही जण म्हणतील, अहो पण थांबलं तर पब्लिक मारतं! भीती खरी आहे, आणि कायद्यालाही ती माहीत आहे. जखमीला मदत करायची जबाबदारी सांगतानाच, जमावाच्या रागामुळे ते शक्य नसेल तर सूट आहे, असं कलम १३४ मध्येच लिहिलंय. म्हणजे जिवाला धोका वाटला तर तिथून निघा, पण सरळ पोलीस ठाण्यात जा. घरी नाही, गोदामात नाही. वाटेत ११२ ला फोन लावा, कुणी जखमी असेल तर १०८ ला.

अजून एक गोंधळ दूर करतो. जानेवारी २०२४ मधला ट्रकचालकांचा संप आठवतोय ना? पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या होत्या. तो संप भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ च्या दुसऱ्या पोटकलमावरून होता. माणूस दगावला आणि चालक न कळवता पळाला, तर दहा वर्षांपर्यंत शिक्षा. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवलं गेलं. पण तो विषय मृत्यूचा आहे. आरसा घासला म्हणून कुणी दहा वर्षं आत जात नाही. ती भीती घेऊन छोट्या धक्क्यातून पळू नका. आणि ठाण्यात माहिती दिली म्हणजे लगेच एफआयआर, असंही नाही. साध्या प्रकरणात स्टेशन डायरीला नोंद होते. त्या नोंदीचा नंबर आणि तारीख मागून घ्या. तो नंबर म्हणजे तुम्ही पळाला नाहीत याचा पुरावा.

आता जागेवर काय करायचं, क्रमाने सांगतो.

गाडी बंद करा, हॅझर्ड लाइट लावा. आधी माणसं बघा. कुणाला लागलंय का? स्कूटरवाला "काही नाही, काही नाही" म्हणत उठला तरी त्याला दोन मिनिटं बसवा, विचारा. डोक्याला मार असेल तर तो लगेच कळत नाही.

मग फोटो. पहिला फोटो लांबून, दोन्ही गाड्या, दोन्ही नंबर आणि रस्ता दिसेल असा. मग जवळून, कुठे लागलंय ते. टायर कुठे होते तेही घ्या. त्यानंतरच गाडी बाजूला घ्या. हायवेवर मात्र फोटोसाठी लेनमध्ये उभे राहू नका. जीव महत्त्वाचा. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ नंबर आहे.

निघण्याआधी गाडीभोवती एक फेरी मारा. मागचे दिवे लागतात का? मडगार्ड टायरला घासतंय का? हवेच्या पाइपातून फुस्स आवाज येतोय का? माल सरकलाय का, दोर ढिला झालाय का? बाहेरून पोचा छोटा दिसतो, पण एअर ब्रेकची हवा गळत असेल तर पुढचा घाट तुम्हाला उतरता येणार नाही.

समोरची गाडी उभी होती आणि मालक नाही? मग चिठ्ठी लिहा. तुमचा गाडी नंबर, फोन नंबर, तारीख, वेळ आणि "गाडी मागे घेताना डाव्या दाराला लागली" एवढं एक वाक्य. वायपरखाली लावा आणि चिठ्ठीचाही फोटो काढा. वॉचमन असेल तर त्याला सांगा. आणि चिठ्ठी लावली तरी ठाण्यात कळवायचंच.

चिठ्ठीत "सगळा खर्च मी देतो" असं लिहू नका. याला कारण आहे. मोटार विम्याच्या पॉलिसीत अशी अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, पैसे द्यायचं वचन द्यायचं नाही. जागेवर पैसे देऊन मिटवलं, तर ते पैसे तुमच्या किंवा शेठच्या खिशातून गेले असं समजा, विम्याकडून ते मागता येतील ही आशा ठेवू नका. आणि आपसात मिटलं तर कागदावर लिहून घ्या: किती दिले, कशाचे दिले, दोघांच्या सह्या. नाहीतर आठवड्याने तोच माणूस पुन्हा फोन करतो.

आता क्लेमचा हिशोब. दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान थर्ड पार्टी विम्यातून जातं, तो काढणं बंधनकारकच आहे. स्वतःच्या गाडीचं नुकसान वेगळं. व्यावसायिक गाड्यांच्या साध्या पॉलिसीत बंपर, दिवे, मडगार्ड, टायर, रंग यांचं किरकोळ नुकसान बहुधा धरलेलंच नसतं. त्यासाठी जादा प्रीमियम भरून 'आयएमटी २३' नावाची जोड घ्यावी लागते. म्हणजे छोट्या धक्क्यात जे फुटतं, तेच नेमकं बाहेर! मोबाइलमध्ये पॉलिसीची पीडीएफ उघडा आणि आयएमटी २३ आहे का बघा.

ते असलं तरी हिशोब करा. क्लेम न केल्याचा बोनस वर्षागणिक वीस टक्क्यांपासून पन्नास टक्क्यांपर्यंत वाढतो, आणि स्वतःच्या नुकसानीचा एक क्लेम केला की शून्यावर येतो. समजा ओन डॅमेजचा प्रीमियम ३०,००० रुपये आहे आणि बोनस ३५ टक्के मिळतोय. म्हणजे १०,५०० ची सूट. दुरुस्ती ८,००० ची असेल तर क्लेम करून तोटाच. स्वतः दुरुस्त करा. पण दुसऱ्याचं काही लागलं असेल तर क्लेम न करताही विमा कंपनीला कळवून ठेवा. पुढे त्याची नोटीस आली तर "आम्हाला सांगितलंच नव्हतं" असं कंपनीला म्हणता येऊ नये.

आता राहिले शेठ. त्यांना फोन त्याच दिवशी, शक्यतो जागेवरूनच. फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाका आणि खाली कुठे, किती वाजता, काय लागलं ते लिहा. गोदामाच्या भिंतीला फक्त आपलाच बंपर लागला असला तरी सांगा. आणि पगार कापायचाच म्हणाले, तर हे लक्षात ठेवा: नुकसानीपोटी पगारातून पैसे कापण्याआधी कामगाराला त्याची बाजू मांडू द्यावी लागते, असं वेतनाच्या कायद्यात आहे. तुमचे फोटो, वेळ, नोंदीचा नंबर हीच तुमची बाजू.

मालक लोकही ऐकत असतील तर त्यांनाही एक सांगतो. प्रत्येक ओरखड्याला पगार कापलात, तर पोरं ओरखडे लपवायला शिकतील. मग गळणारा हवेचा पाइपही तुम्हाला कुणी सांगणार नाही. तुमचीच गाडी आहे, तुमचाच माल आहे, आणि त्यात बसलेला मुलगा कुणाचा तरी आहे.

तर मंडळी, गाडी सोडण्याआधी आज एवढंच करा. ११२, १०८ आणि १०३३ हे तीन नंबर सेव्ह करा आणि पॉलिसीची पीडीएफ मोबाइलमध्ये ठेवा. तुमचा कुणी मित्र टेम्पो, पिकअप, ट्रक चालवत असेल तर हा भाग त्याला पाठवा. भेटू पुढच्या भागात. सांभाळून चालवा!