उंच विमानांचा वेध



विमानाची घरघर कानीं पडतांच माणूस मान वर करतो आणि आवाजाच्याच दिशेस शोधूं लागतो. तेथें विमान सांपडत नाहीं. बारामती-इंदापूरच्या मोकळ्या माळावर उंच विमानें हेरण्याचा छंद आरंभणाऱ्याची पहिली फजिती हीच. विमान सुमारें ३५,००० फुटांवर असतें. तेथून आवाज खालीं पोंचावयास ३० सेकंदांहून अधिक लागतात, आणि तेवढ्यांत तें सात-आठ किलोमीटर पुढें गेलेलें असतें. म्हणून नजर आवाजाच्या पुढें टाकावी. बारामतीच्या धावपट्टीवरून उडणारीं शिकाऊ विमानें जवळचीं. त्यांस हा हिशेब नको.

भिगवणास उजनीच्या पाण्यांत हिवाळ्यांत रोहित पक्षी पाहावयास येणाऱ्यांजवळ दुर्बीण असतेच. तीच वर वळवावी. सूर्याच्या बाजूस मात्र चुकूनही नव्हे. दोन इंजिनांचें विमान प्रथम दोन रेषा सोडतें, चार इंजिनांचें चार. मोबाइलवर विमानाचें नांवगांव कळतें खरें, पण आधीं स्वतः ओळखावें, मग ताडून पाहावें. नाहींतर छंद कसला?

ती पांढरी रेषा धुराची नव्हे. इंजिनांतून निघालेली वाफ उणे ४० अंशांहून कडक थंडींत गोठते, तिचे ते हिमकण. वरची हवा कोरडी असल्यास रेषा लागलीच विरते. दमट असल्यास पसरून बराच वेळ ढगासारखी राहते. पावसाकडे डोळे लावून बसलेल्या इंदापूरच्या शेतकऱ्यास तिची आशा वाटावी, हें साहजिक आहे. परंतु ती ओल दहा किलोमीटर वर आहे, आणि तिचे कण शेतापर्यंत न येतां वाटेंतच विरून जातात.