वाघूळ आणि पाकोळी : एक कुलवृत्तांत

द्रोणागिरी म्हटलें कीं मारुतिरायाची आठवण व्हावयाचीच. संजीवनी कोणती तें ओळखूं येईना, म्हणून त्यानें अवघा पर्वतच उचलून आणला, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलों आहों. त्याच नांवाचा एक डोंगर मुंबई बंदराच्या पलीकडे, पनवेल-उरणच्या बाजूस उभा आहे. त्यावर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत. मारुतीला जें साधलें तें प्राणिशास्त्रज्ञाला साधत नाहीं. त्याला सगळा डोंगर उचलून भागत नाहीं. एकेक पान निवडून, हें कोणाचें कोण, असें ठरवावें लागतें. या निवडींत फसगत कशी होते, याचें वटवाघळांइतकें बोलकें उदाहरण क्वचितच सांपडेल.

श्रोतेहो, द्रोणागिरीच्या पायथ्याच्या एखाद्या गांवीं दिवेलागणीला अंगणांत उभें राहिलें, तर आकाशांत दोन तऱ्हेचे जीव दिसतात. एक मोठें, सावकाश पंख मारीत उंचावरून सरळ जाणारें, तें वाघूळ. वड, पिंपळ, जांभूळ यांच्या फळांवर त्याची गुजराण. पंख पसरले तर मीटरभराहून अधिक भरतात. दुसरी चिमुकली, कौलांच्या फटींतून निघून दिव्याभोंवतीं गिरक्या घेणारी, ती पाकोळी. तिचें वजन अवघें चार-पांच ग्रॅम आणि खाणें चिलटें व किडे. (पाकोळी हें नांव एका पक्ष्यालाहि आहे, तो घोटाळा आज बाजूस ठेवूं.)

घरोघरीं चालत आलेली ही वांटणी शास्त्रानेंहि मान्य केली होती. हिंदुस्थानांत लष्करी डॉक्टर म्हणून राहिलेला आयरिश प्राणिशास्त्रज्ञ जॉर्ज एडवर्ड डॉब्सन यानें १८७५ सालीं या गणाचे मोठीं व लहान असे दोन विभाग केले. मोठ्या विभागांत फळें खाणारीं. डोळे टपोरे, तोंड कोल्ह्यासारखें, आणि आंगठ्याप्रमाणेंच बहुधा दुसऱ्या बोटालाहि नखी. लहान विभागांत बाकीचीं सगळीं. डोळे बारीक, कान मोठे, आणि अंधारांत आवाज काढून त्याच्या प्रतिध्वनीवरून वाट शोधण्याची कला. ही कला अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड ग्रिफिन यानें १९३८ सालापासून प्रयोगांनीं सिद्ध केली. इतकी सरळ वांटणी शंभर वर्षांहून अधिक काळ टिकली यांत नवल नाहीं.

त्या आधीं लिनीअसनें १७५८ सालीं वटवाघळांना माणूस व माकडें यांच्या पंक्तीला बसविलें होतें. छातीवर दोन स्तन असणें ही त्याची एक खूण. ही कल्पना पुढें हास्यास्पद ठरली, तरी ती पुरती मेली नाहीं. १९८६ सालीं ऑस्ट्रेलियांतील जॉन पेटिग्र्यू यानें दाखवून दिलें कीं, मोठ्या वाघळांच्या डोळ्यांपासून मेंदूकडे जाणाऱ्या तंतूंची मांडणी माकडांसारखी आहे. म्हणजे वाघूळ हें उडणारें माकड, आणि पाकोळी कोणी निराळीच. उडण्याची विद्या दोघींनीं वेगवेगळी मिळविली, असा त्याचा पक्ष. कांहीं काळ हा वाद मोठ्या हिरिरीनें चालला.

येथें एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. आपल्याकडे गांवोगांव कुलकर्णी आहेत आणि पाटील आहेत. म्हणून सगळे कुलकर्णी एका कुळाचे, असें कोणी शहाणा म्हणणार नाहीं. काम एक म्हणून आडनांव एक. प्राण्यांतहि असेंच घडतें. एकच धंदा करूं लागलेले परके जीव दिसण्यांत सारखे होतात, आणि धंदा बदललेले सख्खे भाऊ ओळखूंहि येत नाहींत. तेव्हां रूपावर विसंबून कुलवृत्तांत लिहितां येत नाहीं. त्याला जुनें दप्तर लागतें.

तें दप्तर प्रत्येक पेशींत आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेंत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध होत असतां पंडितांनीं पोथ्या ताडून पाहिल्या. ज्या पोथ्यांत तेच तेच विशिष्ट पाठभेद, त्या एकाच मूळ प्रतीच्या नकला. डी.एन.ए. हीहि पिढ्यानपिढ्या नकललेली पोथीच आहे, आणि तींतील चुका ताडून नातें लावतां येतें. एमा टीलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २००५ सालीं सतरा जनुकांतले भाग ताडून सर्व कुलांचा जो वृक्ष प्रसिद्ध केला, त्यानें आधीच्या कांहीं वर्षांत येऊं लागलेला निष्कर्ष पक्का झाला. वटवाघूळ माकडाचें कोणी नव्हे, उंदराचेंहि नव्हे. घोडा, गाय, कुत्रा, देवमासा यांच्या विस्तृत गोतावळ्यांत त्याची जागा आहे. आणि सर्व वटवाघळें एकाच पूर्वजाचीं आहेत.

पण खरा धक्का घरांतच होता. नालाच्या आकाराचें नाक असलेलीं, नाकावर पान असलेलीं, बेडूक व लहान पांखरें मारून खाणारें मेगाडर्मा, उंदरासारख्या लांब शेपटीचें ऱ्हिनोपोमा हीं सगळीं प्रतिध्वनीवर शिकार करणारीं. डॉब्सननें तीं पाकोळीच्या दालनांत घातलेलीं. दप्तर सांगतें कीं त्यांची जवळची सोयरीक आहे ती फळें खाणाऱ्या वाघळांशीं! पडक्या इमारतींत ऱ्हिनोपोमा आणि टॅफोझस शेजारीशेजारी राहतात. दोघेंहि किडे खातात, दोघेंहि रात्रीं निघतात. त्यांतलें पहिलें वाघळाच्या घराण्यांतलें, दुसरें पाकोळीच्या. दोन घराण्यांना आतां चिनी यिन-यांग या जोडीवरून यिनप्टेरोकायरॉप्टेरा व यांगोकायरॉप्टेरा अशीं जीभ अडखळविणारीं नांवें आहेत.

यांतून जो प्रश्न उभा राहिला तो अजून मिटलेला नाहीं. आद्य पूर्वजाला प्रतिध्वनीची विद्या अवगत असेल, तर फळें खाणाऱ्या वाघळांनीं ती गमावली. नसेल, तर दोन घराण्यांनीं ती स्वतंत्रपणें मिळविली. वायोमिंगमधील सव्वापांच कोटी वर्षांपूर्वींच्या एका संपूर्ण सांगाड्याचें वर्णन २००८ सालीं झालें. पांचहि बोटांना नख्या, उडण्यास समर्थ, पण कानाचा शंख लहान. म्हणजे उडणें आधीं, ऐकणें मागाहून, असें म्हटलें गेलें. त्यावर लगेच हरकतीहि निघाल्या. २०१७ सालीं असें दिसून आलें कीं, फलाहारी वाघळाच्या गर्भांत कानाचा शंख प्रथम शिकारी वटवाघळांसारखाच वाढूं लागतो आणि मग मागें पडतो. गमावल्याची ही खूण मला बरीच बोलकी वाटते. परंतु २०२२ सालीं दोन घराण्यांच्या आंतल्या कानांतील मज्जातंतूंची रचनाच भिन्न असल्याचें प्रसिद्ध झालें, आणि दुसरा पक्ष पुन्हा सावरला. गंमत अशी कीं, गुहेंत राहणारें आपल्याकडील रुसेटस नांवाचें फलाहारी वाघूळ जिभेनें टकटक आवाज काढून वाट शोधतें; बाकीचीं शिकारी वटवाघळें हाच उद्योग कंठानें करतात. गेलेली विद्या त्यानें नव्या साधनानें परत मिळविली असावी.

द्रोणागिरीच्या उत्तरेस, सुरत जिल्ह्यांतील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणींत पांच कोटी वर्षांहून जुन्या वटवाघळांचे जीवाश्म निघाले, आणि २००७ सालीं त्यांतील सात जातींचें वर्णन झालें. सांपडले आहेत ते बहुतेक दांत व जबड्याचे तुकडे. आवाजाचा पुरावा दांतांत नसतो.

ही सोयरीक केवळ पुस्तकांत राहत नाहीं. कायद्यालाहि वर्गीकरण लागतें. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें फलाहारी वटवाघळांना कावळे, उंदीर, घुशी यांच्याबरोबर उपद्रवी प्राण्यांच्या पांचव्या परिशिष्टांत घातलें. वडाचीं व उंबराचीं बीजें दूरवर पेरणाऱ्या जिवाला मारण्यास मग कोणाची परवानगी नको. त्याच सालीं एका वाघळाला नांव मिळालें. १९४८ सालीं तामिळ मुलखांतील डोंगरांत मिळालेला त्याचा नमुना मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहांत नेहमींच्या आंखूड नाकाच्या वाघळाची चिठ्ठी लावून पडून होता. थायलंडचे कित्ती थोंगलोंग्या यांनीं तो पुन्हा तपासला, प्रजातीच निराळी आहे हें ओळखलें, आणि सलीम अलींच्या नांवावरून त्याला लॅटिडेन्स सलीमअली म्हटलें. पुढें त्याला वाघाच्या बरोबरीनें पहिल्या परिशिष्टांत स्थान मिळालें. चिठ्ठी बदलली नसती, तर तें उंदरांच्या यादींतच राहिलें असतें. पांचवें परिशिष्ट २०२२ च्या दुरुस्तीनें रद्द झालें. ती दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलांत आली.