डॉक्टर, परिचारिका आणि खाटेचा हिशोब



डॉक्टर आणि परिचारिका यांच्या संबंधांची चर्चा बहुधा स्वभाव व सौजन्य यांच्या भाषेत होते. पण त्या दोघांना पैसे कोण देतो आणि कशाबद्दल देतो, हा प्रश्न टाळून ती पुरी होऊ शकत नाही. अमेरिकेतील ‘नर्स केस मॅनेजर’ या पदाचा इतिहास हेच सांगतो.

रुग्ण दाखल झाल्यापासून घरी स्थिरावेपर्यंतच्या उपचारांचा मेळ घालणारी परिचारिका, असे या पदाचे स्वरूप आहे. त्याचे मूळ उदात्त आहे. लिलियन वाल्ड यांनी १८९३ मध्ये न्यूयॉर्कमधील स्थलांतरितांच्या वस्तीत घरोघरी शुश्रूषा सुरू केली, तेव्हा औषधपाण्याबरोबर रुग्णाचे अन्न, घर आणि रोजगार यांचाही विचार केला. १९०९ मध्ये मेट्रोपॉलिटन लाइफ या विमा कंपनीने आपल्या विमेदारांसाठी अशा परिचारिकांचा खर्च उचलला. विमेदार अधिक जगले तर कंपनीचाही लाभ होता. पुढे तो लाभ दिसेनासा झाला आणि पन्नासच्या दशकाच्या आरंभी ती व्यवस्था संपली.

रुग्णालयांत केस मॅनेजरचे महत्त्व वाढले ते १९८३ नंतर. वृद्धांसाठीच्या ‘मेडिकेअर’ या सरकारी योजनेतून रुग्णालयाला तोवर झालेला खर्च भरून मिळत असे. त्या वर्षी रोगगटानुसार ठरावीक रक्कम देण्याची पद्धत आली. रुग्ण लवकर घरी गेला तर उरलेली रक्कम रुग्णालयाची, रेंगाळला तर तोटाही त्याचाच. डॉक्टरांची फी मात्र वेगळी आणि सेवेगणिक राहिली. एकाच खाटेभोवती दोन निराळे हिशोब उभे राहिले आणि त्यांच्यामध्ये रुग्णालयाची पगारी परिचारिका आली.

खुब्याचे हाड मोडलेली एक वृद्धा डोळ्यांसमोर आणावी. शस्त्रक्रिया यशस्वी झाली आहे. व्यवस्थापनाच्या तक्त्यावर तिचे दिवस संपले आहेत. ती एकटी राहते आणि तिला जिना चढता येत नाही, हे केस मॅनेजरला ठाऊक आहे. पण घरी पाठविण्याच्या आदेशावर सही डॉक्टरची. परिचारिकेने मुक्काम वाढविण्यास सुचविले तर व्यवस्थापन रुष्ट होते. घरी पाठवा म्हटले तर डॉक्टरांना ती व्यवस्थापनाची हस्तक वाटते. जबाबदारी तिची, अधिकार दुसऱ्यांचा!

लिओनार्ड स्टाइन यांनी १९६७ मध्ये ‘डॉक्टर-नर्स खेळा’चे वर्णन केले होते. परिचारिकेने सल्ला द्यावा, पण तो डॉक्टरांनाच सुचला असे भासवावे, असा तो खेळ. परिचारिका तो सोडून देत आहेत, असे त्यांनीच सहकाऱ्यांसह १९९० मध्ये नमूद केले. हा स्वाभिमान स्वागतार्ह आहे; पण त्याने तिजोरीचा प्रश्न सुटत नाही.

खर्चाला आवर नको, असे कोणी म्हणणार नाही. सार्वजनिक पैसा जनतेचा असतो आणि रुग्णालयातील अनावश्यक मुक्कामात जंतुसंसर्गाचा धोकाही असतो. प्रश्न एवढाच की, बचत कोणाच्या पदरात पडते आणि तिची किंमत कोण मोजतो? म्हणून परिचारिकेचा आक्षेप रुग्णाच्या कागदपत्रांत नोंदला गेला पाहिजे आणि डॉक्टरांनी त्याला लेखी उत्तर दिले पाहिजे. तिची बढती वाचविलेल्या दिवसांवर अवलंबून नसावी. वाचलेल्या पैशातून घरच्या शुश्रूषेची तरतूद व्हावी.

भारतातही २००१ च्या नियमांनी आरोग्यविम्यात मध्यस्थ संस्थांना स्थान मिळाले. खाटेचा हिशोब आता आपल्या दारी आहे. रुग्णाच्या बाजूने बोलणाऱ्या परिचारिकेला त्यात संरक्षण देण्याची तजवीज आजच झाली पाहिजे. डॉक्टर आणि परिचारिका यांच्यातील खरा विश्वास त्यातूनच निर्माण होईल.