ज्ञानकोशात आपले पान
(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवात दिलेले भाषण)



या शुभप्रसंगी दोन शब्द बोलण्याची आज्ञा झाली, ती आम्ही आनंदाने शिरावर घेतली. विषय आपणच नेमून दिला आहे. न्यासातील काही तरुणांनी विकिपीडिया या इंटरनेटवरील ज्ञानकोशासाठी आपल्या न्यासावर इंग्रजीत एक लेख लिहून पाठविला. पुरेसे स्वतंत्र आधार नाहीत, असा शेरा पडून तो परत आला. वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांना याचा विषाद वाटला. पन्नास वर्षे गरीब मुलांच्या फिया भरल्या, आजाऱ्यांना औषधे पुरविली, आणि आता कोणी अनोळखी तपासनीस म्हणतो की पुरावा दाखवा! हा विषाद आम्हांस समजतो. तरीही तपासनिसाचे म्हणणे नीट ऐकून घ्यावे, अशी आमची विनंती आहे. कारण त्यात आपल्या हिताची एक गोष्ट आहे.

प्रथम हा ज्ञानकोश कसा चालतो ते पाहू. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. पुढे वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली मराठी विश्वकोश उभा राहिला. त्या कोशांत लेखक आणि संपादक विद्वान असत, आणि त्यांच्या नावावर वाचक विश्वास ठेवी. विकिपीडिया १५ जानेवारी २००१ रोजी इंग्रजीत सुरू झाला, आणि मराठी आवृत्ती १ मे २००३ रोजी निघाली. तेथे लिहिणारा शास्त्री असेल, विद्यार्थी असेल किंवा दुकानदारही असेल. वाचकाला तो ठाऊक नसतो. मग विश्वास कशावर ठेवायचा? म्हणून तेथे नियम केला की, लिहिणाऱ्याच्या शब्दाला किंमत नाही, त्याने दाखविलेल्या, प्रसिद्ध झालेल्या आधाराला आहे. लेख ज्याच्यावर आहे त्याच्याशी संबंध नसलेल्या, विश्वासार्ह अशा ग्रंथांनी किंवा वृत्तपत्रांनी त्या विषयाची सविस्तर दखल घेतलेली असली पाहिजे.

आपण सराफा बाजारात बसलो आहोत, तेव्हा ही गोष्ट येथे फार फोडून सांगावयास नको. जून २०२१ पासून देशात टप्प्याटप्प्याने दागिन्यांवर हॉलमार्क सक्तीचा झाला. पिढ्यान् पिढ्या सचोटीने धंदा केलेल्या सराफालाही आपला दागिना तपासणी केंद्राकडे पाठवावा लागतो. तेथे शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षरांकांची खूण उमटते. यात सराफाला कोणी लबाड म्हणत नाही. आपल्या सोन्याची ग्वाही आपणच देऊ नये, एवढाच त्याचा अर्थ. हदीस जमविणाऱ्या इस्लामी पंडितांचीही हीच शिस्त होती. वचन कितीही सुंदर असो, ते कोणी कोणाकडून ऐकले याची साखळी ते मागत, आणि त्या साखळीतील प्रत्येक माणूस भरवशाचा आहे की नाही हे तपासण्यासाठी त्यांनी एक स्वतंत्र शास्त्रच उभे केले. आधार मागणे हा अपमान नव्हे, हे यावरून ध्यानी यावे.

आता कोणी म्हणेल, मोठ्या माणसांना हा त्रास होत नसेल. तर कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठातील पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिका डॉना स्ट्रिकलंड यांचे उदाहरण घ्या. २०१८ च्या मे महिन्यात त्यांच्यावरील लेखाचा मसुदा विकिपीडियाच्या तपासनिसाने परत केला. जोडलेल्या आधारांवरून विषयाची योग्यता दिसत नाही, असे त्याचे कारण दिले. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला त्यांना नोबेल पारितोषिक जाहीर झाले, आणि त्याच दिवशी त्यांच्यावर लेख उभा राहिला! पुष्कळांनी विकिपीडियाला दोष दिला. पण दोष एकट्या तपासनिसाचा नव्हता. त्यांचे संशोधन १९८० च्या दशकातले. इतक्या वर्षांत वृत्तपत्रांनी आणि ग्रंथकारांनी या बाईंविषयी जितके लिहावयास हवे होते तितके लिहिले नव्हते. ज्ञानकोश हा आरसा आहे. जे जगाने आधी लिहून ठेवले तेच त्यात दिसते. परत आलेल्या लेखाचा अर्थ 'तुमचे काम लहान' असा नसतो. 'तुमच्या कामाची नोंद दुसऱ्या कोणी केलेली दिसत नाही' असा असतो.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. कृष्णराव शंकर पंडित यांना १९७३ साली पद्मभूषण मिळाले. राजाभैया पूछवाले हे माधव संगीत महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांना १९५६ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला. या गोष्टींच्या सरकारी व अकादमीच्या याद्या आहेत, संगीतावरील ग्रंथ आहेत. तेव्हा लेखाला पाया मिळतो. पण पंडितांच्या घरी उस्ताद निसार हुसेन खाँ राहत आणि विद्या देत, ही गोष्ट लष्करातील म्हातारी माणसे ज्या जिव्हाळ्याने सांगतात, तो जिव्हाळा लेखात आधार म्हणून चालत नाही. कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर, हे द्यावे लागते. ते दिले की तीच गोष्ट जगाच्या पाठीवर कोणालाही वाचता येते.

तर मग आपल्या तरुणांनी काय करावे? पहिली गोष्ट, लेखणी उचलण्याआधी आधार शोधावेत. न्यासावर बाहेरच्या माणसाने सविस्तर लिहिलेले दोन-तीन लेख मिळाले, तर ते वीस ओझरत्या उल्लेखांपेक्षा भारी आहेत. आपण पाठविलेले निवेदन वृत्तपत्राने जसेच्या तसे छापले असेल, तर तो स्वतंत्र आधार होत नाही. आज आपल्या हाती आलेली ही सुंदर स्मरणिकासुद्धा होत नाही! स्थापनेचे वर्ष यासारख्या साध्या माहितीपुरती ती चालेल. थोरवीच्या पुराव्यासाठी चालणार नाही. दुसरी गोष्ट, भाषा साधी असावी. 'दानशूर', 'थोर', 'आदर्श' हे शब्द स्मरणिकेत शोभतात, कोशात नव्हे. तिसरी, कोठूनही उतारे उचलू नयेत. सर्व आपल्या शब्दांत लिहून प्रत्येक विधानापाशी त्याचा आधार द्यावा. चौथी, आपण न्यासाचे सभासद आहोत हे उघड सांगावे. लपविले आणि मागाहून कळले, तर खरे लिहिलेलेही संशयात पडते. मसुदा परत आला म्हणजे दार बंद झाले असे नव्हे. सुधारून तो पुन्हा पाठविता येतो. मात्र तो सहा महिने तसाच पडून राहिला तर काढून टाकला जातो. मराठी विकिपीडियावर लिहून पाहण्याच्या जागेला 'धूळपाटी' असे गोड नाव आहे. आमच्या मुलांनी आधी तेथे अक्षर गिरवावे.

आणि पुरेसे आधार मिळालेच नाहीत तर? तर आज न्यासावर लेख होणार नाही, हे शांतपणे मान्य करावे. पण येथेच खरे काम सुरू होते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी गावोगाव, घरोघर फिरून जुनी दप्तरे मिळविली आणि १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' छापली. साधने आधी, इतिहास मागाहून, हा त्यांचा धडा. आपल्या न्यासाच्या जुन्या वह्या, पावत्या, ठरावांची पुस्तके, मुलांची आभाराची पत्रे कोणत्या कपाटात आहेत? कित्येक घरांत ती रद्दीत जातात. ग्वाल्हेरच्या मराठी घरांतून मोडी वाचणारी माणसे आता विरळा झाली आहेत. ती गेली की कागद उरले तरी मुके होतील.

यास्तव आमची तीन मागणी आहेत. न्यासाने एक कपाट आणि एक माणूस या कागदांसाठी नेमावा. ते कागद शहरातील महाविद्यालयांच्या इतिहासाच्या विद्यार्थ्यांना मोकळेपणाने दाखवावेत. ते आपली स्तुती करोत की उणीव दाखवोत, त्यांच्या लिहिण्यात आपण हात घालू नये. आणि तोवर आपल्या तरुणांनी लष्कर, सराफा, येथील गायक व कवी यांच्यावरचे लेख ग्रंथालयातील पुस्तकांच्या आधाराने सुधारावेत. तेथे आपले नाव येणार नाही, पण आपल्या गावाचे येईल.

दहा-वीस वर्षांनी कोणी परका अभ्यासक या कागदांवरून न्यासाविषयी लिहील, आणि त्याच्या आधाराने कोणी मुलगी कोशात लेख घालील. त्या लेखाला कोणी परत पाठवू शकणार नाही. तो दिवस आपल्यापैकी सर्वांना दिसेलच असे नाही. पण न्यास तरी दुसरे काय असतो? पुढच्यांसाठी ठेवलेली ठेवच ना?