नव्या उद्योगाचे पालकत्व
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळचे सत्र संपल्यावर एका तरुण कार्यकर्त्याने मला बाजूला घेऊन विचारले, "आपल्या अभ्यासवर्गात उद्योजकतेवर भाषण कशासाठी? हा विषय व्यापारी मंडळींनी बोलावा." प्रश्न प्रामाणिक होता आणि तो त्याच्या एकट्याचा नाही. कारखाना उभा राहिल्यावर तेथील कामगारांची संघटना बांधायला आपण जातो. तो उभा कसा राहतो, याचा विचार मात्र आपण मालकावर सोपवून दिलेला आहे. परिणामी आय.टी.आय. झालेल्या एखाद्या मुलाच्या मनात स्वतःचे काही उभारावे असे आले, तर तो सावकाराकडे जातो, पतसंस्थेच्या संचालकाच्या घरी खेटे घालतो, आमदारांच्या स्वीय सहायकाला गाठतो. आपल्या कार्यालयाची पायरी चढावी असे त्याला कधी सुचत नाही. ते त्याला का सुचत नाही, एवढ्याच प्रश्नासाठी मी आज उभा आहे.

उद्योजक म्हणजे एक असामान्य पुरुष, अशी एक कथा आपल्याला अहोरात्र ऐकवली जाते. त्याने धाडस केले, एकट्याने झुंज दिली, आणि म्हणून लक्ष्मी त्याच्या घरी आली. आपण या कथेला उत्तर देतो ते तिच्या नायकाला खलनायक ठरवून. पण नायक म्हणा की खलनायक, दोन्ही कथांत माणूस एकटाच आहे. वास्तविक पाहता नवा उद्योग पहिली दोन-तीन वर्षे खातो, देत काही नाही. माल बिघडतो, गिऱ्हाईक पैसे थकवते, यंत्र बसत नाही, बसले तर चालवणारा मिळत नाही. या काळात त्याला पोसायचे कोणी? श्रीमंताच्या मुलाला बापाची शिल्लक पोसते. धाडस समाजाच्या सर्व थरांत आढळते. चूक परवडण्याची ऐपत मात्र फार थोड्या घरांत असते.

आमच्या तालुक्यातील एक हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी चार मुलांनी शेतीपंपांचे सुटे भाग करण्याचा कारखाना काढला. दोघे टर्नर होते, एक ओतकाम शिकलेला, चौथा वाणिज्य शाखेचा पदवीधर. बँकेने तारण मागितले, तेव्हा एकाच्या चुलत्याने राहते घर गहाण दिले. यंत्रासाठी कर्ज मिळाले, खेळत्या भांडवलासाठी मिळाले नाही. लेथ आला, माल निघाला, आणि मालात खोट काढावी असे काही नव्हते, हे मी घेणाऱ्याच्या तोंडून ऐकले आहे. परंतु त्या घेणाऱ्याने पैसे पाच महिन्यांनी दिले आणि बँकेचा हप्ता तिसऱ्याच महिन्यापासून सुरू झाला. चौदाव्या महिन्यात शटर खाली आले. चुलत्याचे घर कसेबसे वाचले, लेथ लिलावात गेला. गावाने एका वाक्यात निकाल दिला: मराठी माणसाला धंदा जमत नाही. वस्तुतः तेथे न जमलेली गोष्ट धंदा नव्हतीच. अडीच-तीन महिन्यांचे अंतर कोणी भरून काढायचे, हे ठरलेले नव्हते.

हे अंतर समाजाने भरून काढल्याचे उदाहरण आपल्याच प्रांतात आहे. प्रवरेच्या काठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी ऊस पिकविणाऱ्या शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा केले, तेव्हा साखर कारखाना ही शेतकऱ्याने काढण्याची वस्तू आहे असे कोणी मानत नव्हते. शेतकऱ्यांच्या पैशांत कारखाना होणार नव्हता, हे उघड होते. मुंबई सरकारने भाग घेतले. वैकुंठभाई मेहता त्या सरकारात मंत्री होते आणि सहकार त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय होता. औद्योगिक वित्त महामंडळाने दीर्घ मुदतीचे कर्ज दिले. गोखले संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ अध्यक्ष झाले आणि सुमारे दहा वर्षे त्या पदावर राहिले. १९५०-५१ च्या हंगामात पहिले गाळप झाले. विखे पाटलांची जिद्द मोठीच होती, पण ती जिद्द शेतकऱ्याच्या विश्वासावर, सरकारच्या भागीदारीवर आणि एका अर्थशास्त्रज्ञाच्या हिशेबी शिस्तीवर उभी होती. यांतला एकही आधार काढून घेतला असता, तर गावाने तोच निकाल दिला असता, जो पुढे आमच्या चार मुलांबाबत दिला.

पुढे काय झाले ते आपण जाणता. सरकारी भागभांडवल आणि हमी यांची परंपरा चालू राहिली, कारखाने वाढले, परंतु गाडगीळांच्या जागी येणारी माणसे वेगळी होती. कारखाना हा निवडणुकीचा तळ झाला. पुढच्या काळात कित्येक कारखाने कर्जात बुडाले आणि त्यांतले काही खासगी खरेदीदारांकडे गेले. मला येथे या पुढाऱ्यांना दूषणे देण्यात वेळ घालवायचा नाही; ते काम आपण भरपूर केले आहे. माझे म्हणणे वेगळे आहे. प्रवरेला जे पालकत्व लाभले, ते काही व्यक्तींच्या रूपाने लाभले. त्याची कायम संस्था झाली नाही. नवा उद्योग उभारणे हेच जिचे एकमेव काम आहे, अशी संस्था आपण बांधली नाही.

अशी संस्था जगात कोठे झाली का, याचा शोध घेतला तर स्पेनच्या उत्तरेकडील बास्क प्रदेशातील मोंद्रागोन या गावी जावे लागते. आपल्यापैकी अनेकांनी हे नाव ऐकले असेल. सहकारी मालकीचे कारखाने म्हणून त्याची कीर्ती आहे. पण तेथील बँकेने नवे कारखाने कसे जन्माला घातले, याविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही.

यादवी युद्धात बास्क लोक हरले होते. फ्रँकोची हुकूमशाही, स्वतंत्र कामगार संघटनांवर बंदी, गावात दारिद्र्य. १९४१ मध्ये होसे मारिया आरिझमेंदियारिएता नावाचा पंचवीस वर्षांचा धर्मगुरू तेथे आला. गावच्या मोठ्या कारखान्याची शिकाऊ मुलांची शाळा सर्वांना खुली करावी, अशी त्याने विनंती केली. ती नाकारली गेली, तेव्हा गावातून वर्गणी काढून त्याने १९४३ मध्ये तंत्रशाळा सुरू केली. त्या शाळेतून निघालेल्या पाच तरुणांनी १९५६ मध्ये आपल्या आडनावांची अक्षरे जोडून 'उल्गोर' हा कारखाना काढला. नव्या कारखान्याला परवाना मिळणे दुरापास्त होते, म्हणून त्यांनी विटोरिया येथील एक दिवाळखोर कारखाना परवान्यासह विकत घेतला. पैसे गावातील लोकांनी त्यांच्या शब्दावर दिले. पहिला माल होता रॉकेलचे स्टोव्ह! शाळा आधी आणि कारखाना तेरा वर्षांनी, हा क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता मुख्य गोष्ट. १९५९ मध्ये या मंडळींनी स्वतःची बँक स्थापन केली, तिचे नाव काहा लाबोराल. स्पेनच्या कायद्याने सहकारी पतसंस्थांना ठेवींवर अर्धा टक्का जास्त व्याज देण्याची मुभा होती. लोकांना आवाहन केले गेले त्याचा आशय असा, की बचतीचे पुस्तक काढा, नाहीतर परमुलखात जाण्यासाठी पेटी भरा. मुले गावात राहावीत असे वाटत असेल, तर पैसा गावात राहिला पाहिजे. ठेवी आल्या, आणि बँकेने त्या केवळ कर्जाऊ दिल्या नाहीत. तिने एक स्वतंत्र विभाग काढला, ज्याचे काम नवे उद्योग उभारणे आणि चालत्या उद्योगांना सावरणे हे होते.

त्या विभागाची रीत ऐकण्यासारखी आहे. एकटा माणूस आला तर त्याला उत्तेजन मिळत नसे. आधी एकमेकांवर भरवसा असलेला मित्रांचा गट जमवा आणि आपल्यातला एक व्यवस्थापक निवडा, असे सांगितले जाई. निवडलेला माणूस बँकेच्या इमारतीतच बसून साधारण दोन वर्षे बाजाराचा, यंत्रांचा, खर्चाचा अभ्यास करी, आणि या काळात त्याचा पगार बँक देई. पुढे तो पगार नव्या उद्योगाच्या कर्जखाती जाई. बँकेतला एक अनुभवी माणूस त्याचा पालक म्हणून नेमलेला असे, आणि उद्योग आपल्या पायांवर उभा राहीपर्यंत हे पालकत्व सुटत नसे. प्रत्येक सभासदाने सर्वांत खालच्या श्रेणीच्या सुमारे एका वर्षाच्या वेतनाइतकी रक्कम घालायची, तीही हप्त्याने चालेल. पहिल्या वर्षांचा तोटा योजनेतच धरलेला असे. आणि जो उद्योग अडचणीत येई, त्याच्या कर्जावरील व्याज कमी केले जाई. आपल्या बँका नेमके याच्या उलट करतात: रोगी जितका अशक्त, तितके औषध महाग.

फलश्रुती अशी, की १९५६ ते १९८६ या तीस वर्षांत मोंद्रागोनमध्ये १०३ कामगार-सहकारी उद्योग निघाले आणि त्यांतले केवळ तीन बंद पडले. त्या काळाच्या उत्तरार्धात स्पेनमध्ये मंदी होती, हे ध्यानात घेतले तर या आकड्याचे मोल कळते. नावीन्याच्या बाबतीतही तेच. प्रारंभी परक्यांचे आराखडे घेऊन माल काढणाऱ्या या कारखान्यांनी १९७४ मध्ये 'इकेरलान' ही सामायिक संशोधनसंस्था काढली. एका लहान कारखान्याला प्रयोगशाळा परवडत नाही, पण अनेक कारखाने मिळून ती चालवू शकतात.

हे सारे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे बरोबर होणार नाही. १९७४ मध्येच उल्गोरमध्ये संप झाला आणि संपाच्या पुढाऱ्यांना काढून टाकण्यात आले. मालक कामगारच असले तरी व्यवस्थापन व्यवस्थापनच असते, हे त्या दिवशी दिसले. पुढे उल्गोरचा वारस असलेला फागोरचा घरगुती उपकरणांचा उद्योग २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेला. भगिनी संस्थांनी बराच काळ पैसा पुरवला आणि अखेर हात आखडता घेतला. अनेक सभासदांना इतर सहकारी उद्योगांत सामावून घेतले गेले, काहींना लवकर निवृत्ती मिळाली. परंतु अनेकांनी बचत म्हणून उद्योगात ठेवलेले पैसे बुडाले, आणि पोलंड-फ्रान्समधील उपकंपन्यांतले कामगार सभासद नव्हते, त्यांच्या वाट्याला तो आसरा आला नाही. पालकत्वाची कक्षा कोठपर्यंत, हा प्रश्न तेथेही सुटलेला नाही.

आता आपल्याकडे वळू. समाजवादी मंडळींच्या हातात उद्योगखाते एकदा आले होते. जॉर्ज फर्नांडिस उद्योगमंत्री असताना डिसेंबर १९७७ मध्ये जे औद्योगिक धोरण जाहीर झाले, त्याने लघुउद्योगांसाठी राखीव वस्तूंची यादी १८० वरून ५०४ वर नेली, आणि पुढल्या वर्षी जिल्हा उद्योग केंद्रे निघाली. हेतू निर्मळ होता. त्याविषयी मला आजही अभिमान वाटतो. पण राखीव यादीने लहान उद्योजकाला फक्त मोठ्याच्या स्पर्धेपासून आडोसा दिला. शिकवण, थांबणारा पैसा आणि पाठीशी उभा राहणारा अनुभवी माणूस या गोष्टी यादीतून मिळत नाहीत. उद्योग केंद्र एकाच छपराखाली सर्व मदत देणार होते. बहुतेक ठिकाणी ते अर्ज घेण्याचे आणि दाखले देण्याचे कार्यालय झाले. यादी हळूहळू आक्रसत गेली आणि २०१५ मध्ये उरलेल्या वस्तूही वगळल्या गेल्या. त्या दिवशी कोठे मोर्चा निघाल्याचे मला आठवत नाही. लहान उद्योजकांना तो आडोसा आपला वाटत नव्हता, असाच याचा अर्थ मी घेतो.

जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने स्टार्टअपची मोहीम सुरू केली आणि व्हेंचर कॅपिटल हा शब्द खेड्यापाड्यांत पोहोचला. या भांडवलाला एक गोष्ट नीट कळलेली आहे, हे मान्य केले पाहिजे. नव्या उद्योगाला तारण मागून चालत नाही, तोटा सोसावा लागतो, सल्ला द्यावा लागतो, हे ते जाणते. परंतु शंभरातले चार-दोन उद्योग अफाट वाढून उरलेल्यांचे नुकसान भरून काढतील, या हिशेबावर ते चालते. म्हणून जो उद्योग पंचवीस माणसांना रोजगार देऊन पंचवीसांवरच थांबेल, त्याच्याकडे ते ढुंकून पाहत नाही. तेलघाणा, शेतीपंपाचे सुटे भाग, दुधाचे पदार्थ ही त्याच्या लेखी गिऱ्हाइके नव्हेत. आपल्या तालुक्यांना लागणारे उद्योग नेमके याच जातीचे आहेत.

तर मग करायचे काय? सर्व काही सरकारने करावे, असा ठराव आपण आज संध्याकाळी करू शकतो. त्याला खर्च काही नाही. त्याऐवजी मी एक लहानसे काम सुचवतो. आपल्यापैकी निदान दहा-बारा जण निरनिराळ्या पतसंस्थांत आणि नागरी बँकांत संचालक आहेत किंवा कर्मचारी आहेत. या संस्थांतील ठेवी आज सोनेतारणावर, वाहनांवर आणि लग्नकार्यांवर कर्जाऊ जातात. या ठेवींना हात लावावा असे मी म्हणत नाही, त्या गरिबांच्या आहेत. पण नफ्यातून दरसाल एक लहान निधी बाजूला काढता येईल काय? त्यातून वर्षाला एका गटाला, गटालाच, एकट्याला नव्हे, अभ्यासाच्या काळातला पगार आणि हप्ता सुरू होण्यापूर्वीची दोन वर्षे देता येतील काय? कायद्यात हे कोठे बसते आणि कोठे बसत नाही, याची माहिती उद्याच्या सत्रात सहकार खात्यातून निवृत्त झालेले एक मित्र देणार आहेत. त्यांच्याशी भांडायला तयारीने या.

त्या चार मुलांपैकी ओतकाम जाणणारा मुलगा आता औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामगार आहे. या अभ्यासवर्गाला ये, असा निरोप मी त्याला पाठवला होता. रात्रपाळी आहे, उद्या दुपारी येतो, असे त्याने कळवले आहे. तो आला की आधी त्याला बोलू द्या; पाच महिन्यांचा तो हिशेब त्याला अजून तोंडपाठ आहे.