पैठणची केस: वेताळ असिस्टंट, बाबा आरोपी

(एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना झालेले 'म्हणजे' आणि 'ॲक्च्युअली' थोडे कमी केलेत, सगळे नाही.)

मधेच धडधडाट ऐकू आला तर सांभाळून घ्या. मी नाहूरला राहतो, खिडकी रुळांच्या बाजूला आहे, आणि ज्या फास्ट लोकल इथे थांबत नाहीत त्याच सगळ्यात जास्त आवाज करतात.

आजचा विषय हलकाफुलका आहे. निदान सुरुवातीला तरी. इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' नावाचा प्रकार आहे. खून होतो, पण रक्त दिसत नाही. शोध लावणारा पोलीस नसतो, शेजारचाच कुणीतरी असतो. चहा भरपूर असतो आणि शेवटी गुन्हेगार सापडतोच. मी याला गोधडीकथा म्हणतो. ऑन-कॉलच्या आठवड्यात रात्री दोनला सर्व्हर पडला, तो उभा केला, आणि आता झोप गेली, अशा वेळी मला हेच लागतं. त्या वेळी डोकं फिरवणारं स्कँडिनेव्हियन काही नको, आधीच फिरलेलं असतं.

यातही माझा लाडका उपप्रकार म्हणजे मदतनीस भूत असतं तो. ब्रिटिश मालिका आहे, 'रँडल अँड हॉपकर्क (डिसीज्ड)'. १९६९ ची, २६ भाग. दोन खाजगी डिटेक्टिव्ह, पार्टनर. पहिल्याच भागात त्यातला एक, मार्टी, गाडीखाली मारला जातो आणि पांढऱ्या सुटात भूत होऊन परत येतो. तो दिसतो फक्त त्याच्या पार्टनरला, जेफला. पहाटेच्या आत थडग्यात परतायचं असतं, ते राहून जातं, म्हणून आता शंभर वर्षं इथेच भटकणं आलं. मजा कशात आहे? भूत भिंतीतून जाऊन सगळं बघून येतं, पण ते कोर्टात साक्ष देऊ शकत नाही. जेफला पुरावा स्वतःच शोधावा लागतो. भुताने फक्त लॉग कुठे बघायचा ते सांगितलं, बग माणसानेच पकडायचा.

मग मी शोधायला लागलो की मराठीत असं काय आहे. 'धडाकेबाज' आठवला असेल तुम्हाला, १९९०, बाटलीतला इवलासा लक्ष्या, गंगाराम. मदतनीस शंभर टक्के, पण ती हाणामारी, शोध नव्हे. 'झपाटलेला'तला तात्या विंचू तर सरळ व्हिलन. फास्टर फेणे हा आपला अस्सल गोधडी-डिटेक्टिव्ह, भा. रा. भागवतांचा फुरसुंगीचा पोरगा, सायकल आणि 'ट्टॉक'! पण त्याच्याकडे भूत नाही. गंमत बघा, २०१७ चा 'फास्टर फेणे' चित्रपट आणि २०२४ चा 'मुंज्या', दोन्हींचा दिग्दर्शक एकच, आदित्य सरपोतदार. डिटेक्टिव्ह एका खिशात, कोकणातलं भूत दुसऱ्या खिशात. सर, दोन्ही एकत्र आणा की!

आणि मग लक्षात आलं की आपल्याकडे हे फार आधीच होऊन गेलंय, आणि घटनास्थळ पैठण आहे.

विक्रम-वेताळ आपण 'चांदोबा'तून ओळखतो. शंकर यांचं ते चित्र, हातात तलवार, खांद्यावर प्रेत. माझ्या पिढीने रामानंद सागरांची १९८५ ची मालिका यूट्यूबवर बघितली. पण आपल्या लक्षात राहतात ती मधली कोडी. ज्या गोष्टीत ती कोडी बसवली आहेत, ती कुणी नीट सांगतच नाही. सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त, म्हणजे अकराव्या शतकातल्या काश्मीरमध्ये लिहिलेल्या पुस्तकात, राजाचं नाव त्रिविक्रमसेन आहे आणि त्याचं राज्य गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानला. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण.

केस अशी. क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज दरबारात येतो, राजाला एक फळ देतो, निघून जातो. काही मागत नाही. दहा वर्षं! राजा ते फळ खजिनदाराकडे देतो, खजिनदार न बघता कोठारात टाकतो. एक दिवस पाळलेलं माकड सुटून येतं, राजा त्याला फळ देतो, माकड ते फोडतं आणि आतून रत्न पडतं. कोठार उघडून बघतात तर फळं सडून गेलेली आणि खाली रत्नांचा ढीग. हा क्लू कुठल्याही इंग्रजी बाईने लिहिलेल्या रहस्यकथेत चालेल. माकडासकट.

राजा विचारतो, बाबा, एवढं का? उत्तर येतं, एका साधनेसाठी वीर पुरुष हवा. अमावास्येच्या आदल्या रात्री स्मशानात या, झाडावरचं प्रेत आणा. पुढचं तुम्हाला माहितीये. राजा बोलला की वेताळ पुन्हा झाडावर. कुठलाही इंजिनिअर ओळखेल, हा रिट्राय लूप आहे, आणि तोही टाइमआउट न लावलेला.

शेवटच्या कोड्याला राजाला उत्तर येत नाही, तो गप्प राहतो. तेव्हा वेताळ खूश होऊन सांगतो: तो भिक्षू तुझाच बळी देणार आहे. तो म्हणेल, साष्टांग नमस्कार घाल. तू म्हण, मी राजा, मला येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा. राजा तसंच करतो. भिक्षू आडवा होतो, आणि मुंडकं त्याचंच जातं.

म्हणजे भूत खरं बोललं. फसवत होता तो बाबा.

हे मी का घोळवतोय, तर आमच्या घरातली गोष्ट. काका गेल्यावर आत्याकडे एक गृहस्थ येऊ लागले. घरात बाधा आहे म्हणाले. पहिले दोन महिने त्यांनी एक रुपया घेतला नाही, उलट प्रसाद आणायचे. मग हळूहळू साठ हजार गेले. मी समजवायला गेलो तर आत्या म्हणाली, "अरे, रात्र रात्र भुतांच्या मालिका तू बघतोस, आणि अक्कल मला शिकवतोस?"

प्रश्न रास्त आहे. त्या दिवशी मला पटकन बोलता आलं नाही. मी त्याच महाराष्ट्रात वाढलोय जिथे २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि डिसेंबरमध्ये जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळात मंजूर झाला. पण तो कायदा गोष्टींच्या विरोधात नाहीच. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं, हे त्यात गुन्हा आहे. मुंज्याची गोष्ट सांगणं नाही. गोधडीकथेतलं भूत तर माझ्याकडून वेळ सोडून काही घेत नाही, आणि पुराव्याशिवाय कुणाला दोषीही ठरवत नाही.

पुढच्या रविवारी मी आत्याला वाद न घालता पैठणची केस सांगितली, फळांपासून. तिने शेंगा सोलत सगळं ऐकलं. दहा वर्षं फुकट फळं, इथे हात जरा थांबला. मग विचारलं, "पण खजिनदाराने एकदाही फळ चिरून बघितलं नाही? कसला रे खजिनदार!" त्या गृहस्थांचं नाव तिने काढलं नाही, मीही नाही. त्यानंतर ते दोनदा येऊन गेलेत असं कळलं; पैसे दिले का, ते ती सांगत नाही. वेताळाच्या बाकीच्या गोष्टी मात्र मागते. आठवड्याला एक, फोनवर. आता सातवी चालू आहे.

तुमच्या ओळखीत मदतनीस भुताची कुठली मराठी गोष्ट असेल, आजीने सांगितलेलीसुद्धा चालेल, तर व्हॉइस नोट पाठवा. देवचार असेल तर आधी. चला, ट्रेन आली, थांबतो.